सोबतिणीचं नाव ड्युटीच्या तक्त्यात लिहा

प्रति,
विदर्भाच्या ग्रामीण भागातील वृद्धाश्रम, कुष्ठधाम, शुश्रूषा केंद्रं आणि वर्षानुवर्षं रुग्ण सांभाळणाऱ्या सर्व संस्थांचे विश्वस्त, सचिव, अधीक्षक आणि इन्चार्ज सिस्टर यांस

सप्रेम नमस्कार.

मागणं पहिल्याच पानावर सांगून टाकते, कारण विश्वस्तांच्या बैठकीत पत्राचं दुसरं पान फारसं कुणी उलटत नाही. आपल्या संस्थेत नवी नर्स रुजू झाली की पहिले तीन महिने तिला एक सोबतीण द्या. ही सोबतीण तिच्याहून दोन-तीन वर्षं पुढे असलेली, तेच काम करणारी आणि तिच्याच शिफ्टमधली असावी. शिकवायला लागणारा वेळ ड्युटीच्या तक्त्यात लिहा, म्हणजे त्या वेळात सोबतिणीकडे रुग्ण कमी असतील. आणि या सोबतिणीकडून नव्या मुलीचा गोपनीय अहवाल कधीही मागू नका. पुढे जे लिहिलं आहे ते या तीन गोष्टी का हव्यात, त्याबद्दल.

मी चंद्रपूर जिल्ह्यात स्टाफ नर्स आहे. दीर्घकाळ अंथरुणावर असलेली माणसं सांभाळणं हेच माझं काम. आपल्यापैकी काही जण मला ओळखतात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग मजकुरापेक्षा "ही कोणत्या संस्थेबद्दल बोलते" याचीच चर्चा जास्त होते.

आपल्याकडे रुजू होणारी मुलगी बहुतेक वेळा एकवीस-बावीस वर्षांची असते. कुरखेड्याची, धारणीची, मंगरुळपीरची, कुठलीही. दोन वर्षांचं ए.एन.एम. किंवा तीन वर्षांचं जी.एन.एम. झालेलं असतं, क्वचित चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग. तिनं वॉर्ड पाहिलेले असतात ते जिल्हा रुग्णालयातले: प्रसूती, सर्जरी, मेडिसिन, लहान मुलं. तिथं रुग्ण येतो, बरा होऊन जातो, नाहीतर नागपूरला मेडिकलला रेफर होतो. सलाईन लावायला, इंजेक्शन द्यायला, बाळंतिणीजवळ उभं राहायला ती शिकलेली असते आणि ते काम ती चांगलं करते. आपल्याकडे आल्यावर तिला दिसतात लकव्यानं सहा वर्षं खाटेवर असलेले आबाजी. ते बरे होणार नाहीत, घरीही जाणार नाहीत. त्यांच्यासाठी तिनं काय करायचं असतं, हे तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं. ती बिचारी सकाळी बी.पी. घेते, शुगर तपासते, गोळ्या देते, फाइल लिहिते आणि मग विचारते, "ताई, आता काय करू?"

खरं काम तर तिथून पुढे सुरू होतं.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. रात्री दोनची वेळ. रुग्णाची पोझिशन बदलायची आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे पुस्तकात आहे आणि परीक्षेतही येतं. नवी मुलगी मावशींना हाक मारते, दोघी मिळून आजीला डाव्या कुशीवर वळवतात, ती तक्त्यावर टिक करते आणि पुढच्या खाटेकडे जाते. सोबतीण असेल तर ती तिथं थांबवते. आधी माकडहाड पाहा, मग टाच, मग खुब्याचं हाड. लाल चट्टा दिसला तर बोटानं दाब. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल झाला, तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग हलत नसेल, तर बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्यानं होणारी जखम, सुरू झाला म्हणून समज. हेही पुस्तकात आहे. पण पुस्तकातले फोटो गोऱ्या कातडीचे. आयुष्यभर कापूस वेचलेल्या, धानात वाकून रोवणी केलेल्या आपल्या आजीच्या काळ्यासावळ्या पाठीवर तो लाल रंग दिसतच नाही. तिथं तळहात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूनं कातडी चाचपावी लागते. शेजारच्या जागेपेक्षा ही जागा गरम आहे का, गार आहे का, टणक लागते की पिचपिचीत? मुलीचा हात धरून त्या जागेवर ठेवावा लागतो. दोन-चार रात्रींत तिच्या बोटांना ते कळायला लागतं. हे शिकवायला कुठला प्रोजेक्टर लागत नाही, पण शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं, आणि तेही रात्री दोन वाजता.

आता त्याच रात्री लाईट गेली असं समजा. आपल्याकडे ती जातेच. हवा भरणारा पंप बंद झाला की एअर बेड हळूहळू बसतो आणि आजी सरळ खाटेच्या फळीवर येते. इन्व्हर्टरवर ट्यूबलाईट आणि पंखा असतो, पंप जोडलेला असेलच असं नाही. नव्या मुलीला वाटतं, एअर बेड आहे म्हणजे काळजी मिटली. पंपाचा घूं-घूं आवाज थांबला की उठून पाहायचं, हे तिला दोन पावसाळे याच वॉर्डात काढलेली बाईच सांगू शकते.

दुसरं उदाहरण. म्हातारपणी आजार सरळ तोंडानं येत नाही. तरुण माणसाला लघवीचा संसर्ग झाला तर ताप येतो, जळजळ होते, तो स्वतः सांगतो. ऐंशीच्या आजीला ताप येईलच असं नाही. ती एकदम वेड्यासारखं बोलायला लागते, जेवण सोडते किंवा उठताना पडते. हार्ट अटॅकमध्येसुद्धा कधी छातीत न दुखता नुसता दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. नवी मुलगी नोंद करते "पेशंट चिडचिडा आहे" आणि तिचं काही चुकलेलं नसतं. ती त्या माणसाला आठच दिवसांपासून ओळखते. जिनं त्याला दोन वर्षं पाहिलंय तिला लगेच खटकतं. "आबाजी रोज मला 'का वं पोरी, आली का?' म्हणतात, आज बोलले नाहीत. लघवी तपासायला पाठव आणि डॉक्टरांना फोन लाव." इन्सुलिनवर असलेला माणूस संध्याकाळी जेवला नाही आणि "मले काई नाई झालं, तू जाय" म्हणाला, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही; रात्री त्याची शुगर ७०च्या खाली येऊ शकते, म्हणून झोपण्याआधी तपासायची आणि पहाटे घाम आलाय का ते हात लावून पाहायचं. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, फीड देताना डोक्याकडची बाजू उचलायची आणि दिल्यावरही किमान अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. हे सगळं मुलींना ठाऊक असतं, पण एकावेळी तीस खाटा समोर असताना यातलं काय आधी करायचं ते ठाऊक नसतं.

मे महिन्याचं वेगळं लिहावं लागतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडचा पारा ४५-४६ पर्यंत जातो हे आपल्याला नवीन नाही. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. "पाणी हवं का?" असं विचारलं तर तो नको म्हणतो. म्हणून विचारायचं नाही, ग्लास हातात द्यायचा, दोन घोट घेईपर्यंत तिथंच उभं राहायचं आणि युरोबॅगमधल्या लघवीचा रंग पाहायचा. गडद पिवळा दिसला तर कुठलाही तक्ता पाहायची गरज नाही. एप्रिलमध्ये रुजू झालेल्या मुलीला हे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी करून दाखवलं पाहिजे.

ज्यांच्याकडे जुने कुष्ठरुग्ण आहेत त्यांना तर अजून बरंच सांगता येईल. ज्या पायाला संवेदनाच नाही त्याला उंदरानं कुरतडलं तरी माणूस झोपलेलाच राहतो. अंघोळीचं पाणी कोमट आहे का हे त्याच्या पायाला विचारून उपयोग नाही, आपला कोपर घालूनच पाहावं लागतं. ही शिकवण आपल्याच मातीत तयार झाली आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली काम सुरू केलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभं केलं, वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती १९४९ची. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची कुटी आजही उभी आहे. गांधीजी स्वतः त्यांची शुश्रूषा करत. अशा संस्थांमध्ये बरा झालेला रुग्ण नव्याच्या पायाला पट्टी बांधायचा आणि बांधता बांधता शिकवायचा. दीर्घकाळ माणूस सांभाळण्याचं काम, आणि ते हाताला हात लावून शिकण्याची पद्धत, या दोन्ही गोष्टी विदर्भाला कुणी बाहेरून आणून द्यायची गरज नाही. आपण फक्त ती पद्धत पगारी नर्सच्या वेळापत्रकात कधी घातली नाही.

आता बोलीचं. यवतमाळची मुलगी गडचिरोलीला गेली तर तिथं गोंडी आणि माडिया, मेळघाटात कोरकू, इकडे भंडारा-ब्रह्मपुरी पट्ट्यात झाडीबोली, तिकडे अकोला-बुलडाण्याकडे वऱ्हाडी. नागपुरात वाढलेल्या मुलीला "पाठ चिघयली वं माय" समजायला एक क्षण जातो, आणि "जीव कासावीस होते" म्हणजे दम लागतोय की मळमळतंय हे विचारूनच घ्यावं लागतं. सोबतीण इथलीच असेल तर पहिल्या महिन्यात पन्नास गोष्टी सुटतात. डॉक्टरांना फोनवर काय सांगायचं तेही तीच शिकवते.

आणि एक विषय आहे जो बैठकीत कुणी काढत नाही, म्हणून इथं काढते. आपल्याकडचे काही आजी-आजोबा नव्या सिस्टरला पहिला प्रश्न विचारतात, "आडनाव काय?" आडनाव ऐकलं की पाण्याचा ग्लास परत करणारे लोक आजही आहेत. कुणी स्पष्ट बोलत नाही, फक्त "आता नको, नंतर पितो" म्हणतं आणि दुसऱ्या सिस्टरच्या हातून पितं. बावीस वर्षांची बौद्ध किंवा आदिवासी मुलगी तो ग्लास घेऊन उभी राहते तेव्हा तिच्या मनात काय होतं ते मला लिहून सांगायची गरज नसावी. ती ही गोष्ट इन्चार्जला सांगत नाही, कारण इन्चार्ज म्हणेल, "जाऊ दे गं, म्हातारं माणूस आहे." सोबतिणीला ती सांगते, बऱ्याचदा वर्षभरानं नाही, त्याच संध्याकाळी. आणि सोबतीण काय करते, यावर ती मुलगी टिकणार की नाही हे ठरतं. माझ्या मते इथं संस्थेनं भूमिका घ्यायला हवी: पाणी, जेवण, औषध ड्युटीवर असलेली सिस्टरच देईल, रुग्णाच्या मर्जीनं सिस्टर बदलली जाणार नाही, आणि हे प्रवेशाच्या वेळीच नातेवाइकांना सांगितलं जाईल. सोबतिणीनं एकटीनं ते ओझं वाहावं अशी अपेक्षा ठेवू नका.

ब्रदरांचा प्रश्नही असाच. पुरुष नर्स आता आपल्याकडेही येतात. आजींची अंघोळ, कॅथेटर, डायपर यांत कुणाची लाज कुठे सांभाळायची, पडदा कधी ओढायचा, मावशींना कधी सोबत घ्यायचं, हे त्यांना ब्रदरनंच सांगितलेलं बरं. ब्रदर एकटाच असेल तर शेजारच्या संस्थेतला एखादा जोडून द्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्ही करून पाहिलं आहे. हो, काही ठिकाणी झालं आहे. एका संस्थेत (कोणती ते राहू द्या) भिंतीवर छान छापील यादी लागली. डावीकडे 'मेंटॉर', उजवीकडे 'मेंटी', खाली अधीक्षकांची सही. फोटोही निघाले. तक्ता पाहिला तर मेंटॉर सकाळच्या ड्युटीला आणि मेंटी कायम नाईटला. दोघींची भेट व्हायची ती ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी सोपवताना, सकाळी आठला, एक झोपेत आणि दुसरी घाईत. दुसऱ्या महिन्यात ऑफिसनं मेंटॉरकडून 'वर्तणूक अहवाल' मागितला. तो दिला गेला आणि तो दिला गेल्याचं मुलीला कळलंच, कारण आपल्याकडे ऑफिसातलं काहीही झाकून राहत नाही. त्या दिवसानंतर तिनं कुणालाही काहीही विचारणं बंद केलं. तिसऱ्या महिन्यात ती नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात गेली. तिच्या राजीनाम्यावर 'घरगुती कारण' असं लिहिलेलं होतं.

म्हणूनच म्हणते, ज्या बाईच्या हातात पगारवाढ किंवा नोकरी पक्की करणं आहे तिला सोबतीण करू नका. इन्चार्ज सिस्टरनं माफ करावं, पण त्या याला चालणार नाहीत. त्यांनी सोबतीण निवडावी, तिला वेळ द्यावा, आणि मध्ये पडू नये. याला दुसरंही कारण आहे. वीस वर्षं काम केलेल्या बाईला सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ती काय पाहून निर्णय घेते हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही. "मला आपलं तसं वाटलं" एवढंच म्हणते, आणि तिचं बरोबर असतं. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ साली नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले. त्यात साधारण दोन-तीन वर्षं एकाच प्रकारच्या कामात घालवलेली नर्स मधल्या, म्हणजे तिसऱ्या टप्प्यावर येते. ती अजून पायऱ्या मोजत चालते, काम आधी-नंतर लावून घेते, म्हणून तिला त्या पायऱ्या दुसरीला दाखवता येतात. शिवाय स्वतः पहिल्या नाईटला किती घाबरली होती हे तिच्या अजून लक्षात असतं.

एक अपवाद: नवी मुलगी असं काही करते की रुग्णाला इजा होईल, तर सोबतीण गप्प बसणार नाही. हा नियम पहिल्याच दिवशी दोघींना समोरासमोर बसवून सांगावा. इन्चार्जकडे जायची वेळ आलीच तर दोघी मिळून जातील, पाठीमागे जाऊन कुणी सांगणार नाही. बाकी जे काही ती बोलेल, म्हणजे रडली, घरची आठवण आली, कुणावर चिडली, ते दोघींतच राहील.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते थोडक्यात. पहिला महिना नाईट एकटीनं नाही, हे सगळ्यांत आधी मान्य करा. तिन्ही महिने दोघी एकाच शिफ्टमध्ये, सोबतिणीकडे नेहमीपेक्षा कमी खाटा. आठवड्यातून एकदा अर्धा तास दोघी वॉर्डाबाहेर बसतील, चहा घेऊन, आणि त्या वेळात त्यांना कुणी हाक मारणार नाही. त्या अर्ध्या तासाला तक्त्यात जागा नसेल तर तो कधीच मिळत नाही, हा माझा अनुभव आहे. नोंदीसाठी एक वही पुरे. कामाचं नाव आणि पुढे तीन रकाने: दाखवलं, सोबत केलं, एकटीनं केलं. तारीख आणि दोघींची सही. गुण नाहीत, शेरे नाहीत. राइल्स ट्यूबची जागा तपासणं असो, बेडसोअरचं ड्रेसिंग असो, किंवा मुलाला पुण्याला फोन करून "आईची तब्येत बरी नाही, येऊन जा" हे सांगणं असो, सगळं त्याच वहीत. तीन महिन्यांनी शिफ्ट वेगळी झाली तरी तो आठवड्याचा अर्धा तास सहा महिन्यांपर्यंत चालू ठेवा.

पहिला मृत्यू मात्र वहीत मावत नाही. रुग्णालयात मृत्यू होतात, पण तिथं माणूस चार दिवसांचा ओळखीचा असतो. इथं मुलीनं ज्या आजीच्या केसांना रोज तेल लावलं, जिनं तिला लग्नाचं विचारून हैराण केलं, ती पहाटे साडेचारला जाते. डॉक्टर गावात नाही, फोनवर आहे. डोळे मिटवायचे, जबडा बांधायचा, नळ्या काढायच्या, अंग पुसायचं, लुगडं नीट करायचं, वस्तूंची यादी करायची, नातेवाइकांना कळवायचं, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजीला काय सांगायचं ते ठरवायचं. कधी मुलगा म्हणतो, "तुम्हीच उरकून घ्या, आम्हाला यायला जमणार नाही." हे शब्द फोनवर ऐकलेली मुलगी दिवसभर बोलत नाही. त्या रात्री सोबतीण हजर असावी, नसेल तर निदान फोन उचलावा. पुढच्या ड्युटीला ती रिकामी खाट त्याच मुलीला देऊ नये. एवढंच करा, बाकीचं त्या दोघी आपसांत पाहून घेतील.

मला माहीत आहे, आपल्यातल्या बऱ्याच संस्थांमध्ये मुळात तीनच नर्स असतात. त्यांतली एक रजेवर, एक नाईट करून झोपलेली. सोबतीण आणायची कुठून? म्हणून एकेका संस्थेनं हे करण्यापेक्षा जवळपासच्या चार-पाच संस्थांनी मिळून करावं. वरोरा-चिमूर-हिंगणघाट हा एक टापू झाला, अचलपूर-परतवाडा-चांदूर बाजार दुसरा. नवी मुलगी पहिले पंधरा दिवस टापूतल्या मोठ्या संस्थेत राहील, तिथं दोघी एका शिफ्टमध्ये काम करतील, मग ती आपल्या गावी जाईल आणि सोबतीण फोनवर राहील. महिन्यातून एकदा सगळ्या जोड्या एका जागी जमतील. एसटीचं भाडं संस्थेनं द्यावं आणि तो दिवस ड्युटीत धरावा. राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात त्यात १० खाटांचा वृद्ध कक्ष धरलेला आहे. तो जिथं चालू आहे तिथल्या सिस्टरांनाही या भेटीला बोलावता येईल. जिल्हा शल्य चिकित्सकांना एक पत्र लिहायला काय लागतं?

ही कल्पना शहरी वाटत असेल तर गडचिरोलीकडे पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, बालमृत्यू कमी झाल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं, आणि पुढे ते काम देशभरच्या आशांकडे गेलं. त्यात शिकवून सोडून दिलं नव्हतं. ठरावीक दिवसांनी कुणीतरी गावात जाऊन तिच्या शेजारी बसत होतं, तिची नोंद पाहत होतं, हात सुधारत होतं. आज आशाताईला गटप्रवर्तक आहे, अंगणवाडीताईला मुख्यसेविका आहे. तीस खाटा एकटीनं सांभाळणाऱ्या आपल्या नव्या सिस्टरला रात्री अडीचला फोन करायला कुणाचा नंबर आहे?

पैशाचं बोलू. सोबतिणीला तीन महिने दरमहा काहीतरी भत्ता द्या. रक्कम तुमच्या ऐपतीप्रमाणे, पण पगारपत्रकावर दिसेल अशी. "ही सेवा आहे, सेवेचे पैसे कसले" हे वाक्य कृपा करून बैठकीत नको. ते वाक्य आम्ही पुरेसं ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी कुणी नाईट केलेली मला आठवत नाही. नवी नर्स तीन महिन्यांत सोडून गेली की पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत, मधल्या काळात उरलेल्यांना डबल ड्युटी, आणि मग त्यांतलीही एखादी जाते. तो खर्च तुमच्या ताळेबंदात कुठल्याच नावाखाली येत नाही, म्हणून तो दिसत नाही इतकंच.

आणि स्पष्टच सांगते, पगार तोच ठेवून, मूळ प्रमाणपत्रं कपाटात अडकवून, बॉण्डची भीती घालून वर सोबतीण दिली म्हणजे मुली राहतील, असा कुणाचा हिशेब असेल तर हे पत्र इथंच फाडून टाका. सरकारी भरती निघाली की मुली जाणारच, आणि त्यांनी जावं. कुणी पुण्याला जाईल, कुणी आखातात. सोबतीण मिळाल्यानं त्या थांबतील असा माझा दावा नाही. पण ज्या राहतील त्या घाबरून राहणार नाहीत, आणि ज्या जातील त्यांच्या हातून जाईपर्यंत एखाद्या आजीची पाठ सडणार नाही.

ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्याच्या १९व्या कलमात दर जिल्ह्याला किमान एक, निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम सुरू करण्याचं म्हटलं आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या वरची माणसं दहा टक्क्यांच्या जवळपास होती. आता गावोगाव जरा फिरून पाहा, तरुण पोरं पुण्या-मुंबईला आणि वाड्यात दोन म्हातारी. खाटा वाढणार आहेत, तुम्हीच वाढवणार आहात, देणगीदार मिळतील, इमारती होतील. त्या खाटांजवळ उभ्या राहणाऱ्या मुलींचं शिक्षण कोण पूर्ण करणार, हे आत्ताच ठरवायला हवं.

पहिलं पाऊल लहानच आहे. पुढच्या महिन्याचा तक्ता लावताना तुमच्याकडे सहा महिन्यांच्या आत रुजू झालेली नर्स असेल, तर तिच्या नावापुढे तिच्याच शिफ्टमधलं एक नाव लिहा. ते नाव लिहिण्याआधी त्या दोघींना विचारा. लादलेली सोबतीण नको. आम्ही तीन-चार जणी या कामात आहोत, आणि आमची वही, रकाने, पहिल्या महिन्याची कामांची यादी असं सगळं तयार आहे. तुमच्या बैठकीत येऊन दाखवायला आवडेल. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल, वेळ दुपारची ठेवा आणि शेवटच्या एसटीच्या आधी आम्हाला मोकळं करा, कारण आमच्यातल्या दोघींना त्याच रात्री ड्युटीवर हजर व्हायचं असतं.

आपली,
एक स्टाफ नर्स
चंद्रपूर जिल्हा